बाराव्या दिवशी राहिलेले कान आता कधी टोचायचे?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगी साडेतीन महिन्यांची, जन्म भाद्रपदातला. जन्मतः वजन कमी होतं म्हणून बारशाला कान टोचले नाहीत. आता सासूबाई म्हणतात, सोनाराला घरी बोलवा आणि याच आठवड्यात उरकून टाका. बहीण म्हणते, मॉलमधल्या दुकानात गनने टक् वाजलं की झालं. बालरोगतज्ज्ञ म्हणतात, लसी होऊ द्या. तुमच्या मनात मात्र, मोठी झाल्यावर तिलाच विचारावं असं आहे. आणि शेवटच्या ओळीत तुम्ही हळूच लिहिलंय की मोठ्या भावाचेही राहिलेत, त्याला चार पूर्ण झाली.

मी सोनार आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेत आमचं दुकान, मी गादीवर बसायला लागून ३४ वर्षं झाली, त्याआधी वडील बसायचे. ‘सोनारानेच कान टोचावेत’ ही म्हण म्हणजे आमच्या धंद्याची फुकटची जाहिरात, पण ती वापरतात वेगळ्याच अर्थाने: ज्याने सांगायचं त्याने सांगितलं तरच माणूस ऐकतो. तुमच्या घरात सध्या तिघं टोचायला बसलेत, आणि कान तुमचे.

घरातला वाद तारखेवर आणि हत्यारावर चाललाय. माझ्याकडे पिकलेले कान घेऊन जी बाळं येतात, त्यांतली बहुतेक टोचताना चुकल्यामुळे आलेली नसतात. ती येतात दहाव्या, पंधराव्या दिवशी, कुणीतरी मालीश करताना तेलकट बोटांनी कान चोळला म्हणून, नाहीतर लोकरी टोपडं काढताना तार अडकून ओढली गेली म्हणून. टोचायला लागतात दोन सेकंद. भोक आतून भरून यायला सहा ते आठ आठवडे. त्यामुळे माझ्याकडे कुणी तारीख विचारायला आलं की मी आधी विचारतो, पुढचे दीड महिने बाळाला अंघोळ कोण घालणार? आई कामावर रुजू होणार असेल, घरात लग्न असेल, आजी गावाला जाणार असेल, तर मी सरळ पुढची तारीख देतो.

आता सासूबाईंचं. बाराव्या दिवसाची चाल खरी आहे, आणि त्यात सोयही होती. बारशाला सगळे जमलेले असतात, बाळ तान्हं असतं, हात कानापर्यंत पोचत नाही, टोचून घेतलं की दूध पिऊन झोपतं. पण तोच एक दिवस, असं शास्त्रातही नाही. आपल्याकडचे बहुतेक गुरुजी ज्याचा आधार घेतात तो मुहूर्तचिंतामणी, रामदैवज्ञाने शके १५२२ मध्ये काशीत लिहिलेला. त्यात कर्णवेधाला जन्मापासून १२ वा किंवा १६ वा दिवस सांगितलाय, नाहीतर सहावा, सातवा, आठवा महिना, नाहीतर पुढे कुठलंही विषम वर्ष. वार सोम, बुध, गुरू, शुक्र. वर्ज्य काय, तर चैत्र, पौष, बाळाचा जन्ममास आणि देव झोपलेले असतात तो चातुर्मास. (चातुर्मास का वगळला याचं माझं दुकानदारी उत्तर असं की पावसाळ्यात दुपटी वाळत नाहीत, ओल राहते, आणि ओलीत कान हमखास चिघळतो. गुरुजींना हे उत्तर आवडत नाही.) म्हणजे याच आठवड्यात उरकायचं म्हणाल तर पौष लागलाय, सासूबाईंच्याच पंचांगात ते बसत नाही. हे त्यांना तुम्ही सांगू नका, गुरुजींना सांगायला लावा. वर म्हटलीच आहे ती म्हण.

त्याहून जुना दाखला सुश्रुताचा. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाचा १६ वा अध्याय जवळजवळ सगळा कानावर आहे: टोचायचे कसे, टोचताना चुकलं तर काय होतं, फाटलेली पाळी जोडायची कशी. तिथे सुरुवातीलाच सांगितलंय की बाळाचे कान दोन कारणांसाठी टोचतात, रक्षा आणि भूषण. आणि वेळ दिलीय सहाव्या किंवा सातव्या महिन्याची. बुद्धी वाढते, डोळे सुधारतात, असले फायदे हल्ली मोबाइलवर फिरतात. मी दुकानात ते कधी सांगत नाही. रक्षा आणि भूषण, एवढ्यावर आमचं चार पिढ्या भागलं.

डॉक्टरांचं म्हणणं तर याला येऊनच मिळतं. सरकारी वेळापत्रकात पेंटाव्हॅलंटचे, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीचे, तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात, आणि त्यात धनुर्वात, कावीळ ‘ब’ दोन्ही येतात. टोचण्यातून लागू शकणाऱ्या आजारांत हे दोन्ही आहेत. तुमच्या मुलीचा तिसरा डोस झाला नसेल तर तो आधी होऊ दे. शिवाय ती कमी वजनाची होती, तेव्हा कानाआधी एकदा डॉक्टरांचा होकार घ्या. लसीला ताप आला तर तो लसीचा की कानाचा, हा गोंधळ नको म्हणून दोन्हींत मी निदान दोन आठवडे सोडायला सांगतो. महिने मोजले तर तुमच्या लेकीचा सहावा महिना माघाच्या मध्यापासून फाल्गुनाच्या मध्यापर्यंत येतो. थंडी ओसरलेली, घामाचे दिवस अजून लागलेले नाहीत. पंचांग, सुश्रुत, डॉक्टर आणि हवा, चौघं एका महिन्यावर येतात असं क्वचित होतं. माझ्या नातीचे आम्ही सातव्या महिन्यात टोचले, तेही याच हिशेबाने. एक अडचण मात्र आहे: सहा महिन्यांचं बाळ स्वतःचा कान धरायला शिकलेलं असतं. पहिले चार दिवस तिच्या मागे माणूस लागेल.

मग कुणाकडून? सोनार की गन, याचं उत्तर माणसावर आहे, पाटीवर नाही. मी माझ्या धंद्याचंच आधी सांगतो. जुन्या पद्धतीत सोन्याची तारच सुई असायची. बाबा बावीस कॅरटची बारीक तार पट्टीतून ओढायचे आणि शेवटच्या ओढीनंतर मुद्दाम तापवायचे नाहीत, कारण तापवली की तार मऊ पडते आणि कानात शिरताना वाकते. टोक कानशीने टोकदार करायचे, दिव्यावर धरायचे, आणि तीच तार कानातून आरपार घालून वळवून टाकायचे. हात इतका साफ की बाळ रडायच्या आत तार वळलेली असायची. पण दिव्यावर धरणं म्हणजे निर्जंतुक करणं नव्हे. आणि कुंकवाचा ठिपका लावून त्यातूनच टोचायचं, यात तर कुंकवातला रंग थेट जखमेत. या दोन्ही गोष्टी मी वीसेक वर्षांपूर्वी सोडल्या. आता मी हातमोजे घालतो, कागदी पाकिटातली एकदाच वापरायची पोकळ सुई बाळाच्या आजीसमोर फोडतो, तिने भोक पाडतो, सुईच्या पोकळीत तारेचं टोक सरकवतो आणि सुई मागे ओढतो. तार आपोआप कानात येते. सुई लगेच डब्यात. तुमच्या गावचा सोनार असं करत असेल तर त्याच्याकडे जा. शर्टाच्या कॉलरमधून सुई काढत असेल तर नमस्कार करून परत या.

गनबद्दल सरसकट वाईट बोलणार नाही. पण जुन्या स्प्रिंगच्या गनला दोन खोड्या आहेत. तिचं प्लॅस्टिकचं अंग उकळता किंवा वाफवता येत नाही, आणि ती टोचत नाही, बोथट टॉप्स दणक्याने घुसवते. मागची फिरकी घट्ट बसते, कान दुसऱ्या दिवशी थोडा सुजतो, आणि बाळाच्या एवढ्याशा पाळीत टॉप्स पुढून नाहीतर फिरकी मागून मांसात रुतते. अशा दोन बाळांना मी दुकानातून तसंच डॉक्टरांकडे पाठवलंय, मी हात लावला नाही. हल्ली एका बाळापुरतं वापरून टाकायचं, हाताने दाबायचं यंत्र मिळतं, टॉप्स पाकीटबंद असतो. ते पाळीपुरतं ठीक. वरच्या कुरकुरीत भागाला, जिथे बुगडी किंवा भिकबाळी घालतात तिथे, गन कधीच लावू देऊ नका. तिथली कुर्चा, म्हणजे कानाचं मऊ हाड, पिकली तर कानाचा आकार जातो. बाळाला मी तारेची बाळीच सुचवतो, कारण तिला फिरकी नाही, रुतायला काही नाही, आणि सुटून तोंडात जायलाही काही नाही.

डॉक्टरांकडे टोचून घेतलं तर उत्तमच, बरेच बालरोगतज्ज्ञ आणि कान-नाक-घसावाले हे करतात. तार मात्र आमच्याकडून घेऊन जा. बावीस कॅरटची, दोन गुंजांची, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपास. दोन ग्रॅमपर्यंतच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे तारेवर शिक्का दिसणार नाही. कॅरट बिलावर लिहून घ्या. पांढरं सोनं नको, मुलाम्याचं तर नकोच. त्यात निकेल असू शकतं, आणि ताज्या जखमेतून निकेलची ॲलर्जी एकदा जडली की पोरीला जन्मभर खोटा दागिना चालत नाही, घड्याळाचा पट्टासुद्धा खाजवतो.

आता खूण, कारण माझ्या मते निम्मं कसब इथेच आहे. बाबा दुकानाच्या पायरीवर सकाळच्या उन्हाकडे तोंड करून बसायचे आणि बाळाची पाळी उन्हाआड धरायचे. ऊन आरपार आलं की पाळी गुलाबी दिसते, शिरा लाल दोऱ्यासारख्या उमटतात, आणि मधे एक फिकट, मोकळी जागा राहते. तिथे टोचलं तर रक्ताचा थेंबही येत नाही. मी समजत होतो ही आमच्या घरची युक्ती. पुढे एका गिऱ्हाईक वैद्यांनी सांगितलं, सुश्रुताने हेच लिहिलंय: सूर्यकिरणांत दिसणारं दैवकृत छिद्र शोधा, तिथे टोचा, आणि फार रक्त आलं, फार दुखलं तर समजा जागा चुकली. मी हल्ली पाळीमागे मोबाइलची बॅटरी धरतो.

पण फिकट जागा एका कानाला सापडून भागत नाही, दोन्ही ठिपके एका उंचीवर यायला लागतात. इथे मी एकदा चुकलोय. सुरुवातीची वर्षं होती, बाळ आजीच्या मांडीवर आडवं झोपलेलं, आजी म्हणाली उठवू नका, मी तसंच उजवं-डावं करून टोचलं. तीच मुलगी बावीस वर्षांनी लग्नाच्या मोत्यांच्या कुड्या घ्यायला आली. आरशात एक कुडी सरळ बसली, दुसरी खाली तोंड करून. तिने तीन जोड बदलून पाहिले. तिला वाटलं कुड्यांत खोट आहे. मी कबूल केलं, आणि त्या दिवशी मजुरी घेतली नाही. तेव्हापासून बाळ उभं, कुणाच्या तरी छातीला पाठ टेकवून, समोर बघत असतानाच खूण करतो. निर्जंतुक मार्करने ठिपके दिले की आईला समोर उभी करतो आणि ती ‘बरोबर’ म्हणेपर्यंत पुसून पुन्हा देतो. खालच्या कडेच्या जवळ टोचू देऊ नका; पुढे जड झुबे घातले की असं भोक ओघळत ओघळत पाळी फाडतं.

दुखतं का, विचारलंत. दुखतं. थोडा वेळ. रडते ती बरेचदा धरून ठेवल्यामुळे जास्त. पोट भरलेलं असू द्या, पण अगदी दूध पाजल्या पाजल्या नको, उलटी होते. टोचून झालं की लगेच छातीशी घ्या. बधिर करायचं मलम डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, तान्ह्या बाळांना ते जपून देतात. मुलीचा आधी डावा कान, मुलाचा उजवा, ही रीत आहे. गुरुजी असतील तर ‘भद्रं कर्णेभिः’ म्हणतात. आणि गूळखोबरं वाटायची आपली पद्धत आहे, ती सगळ्यांसाठी. बाळाच्या जिभेवर गूळ नको, मध तर वर्षाच्या आत मुळीच नको. मी गुळाचा खडा आजीच्या हातावर ठेवतो, आजीच खाते.

पुढचे सहा आठवडे. दिवसातून दोनदा साबणाने हात धुवायचे, उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून पुढून-मागून पुसायचं, कोरडं करायचं. एवढंच. आम्ही पूर्वी सांगायचो, तार रोज फिरवा, हळद-खोबरेल लावा. आता दोन्ही सांगत नाही. फिरवल्याने खपली तुटते, तेलाने धूळ धरते. मालीशवाल्या बाईंना पहिल्याच दिवशी कान दाखवून ठेवा, नुसतं सांगून त्यांचा हात थांबत नाही. डोक्यातून घालायची झबली सहा आठवडे कपाटात, पुढून बांधायची वापरा. कुंची आणि लोकरी टोपडं नको. कडेवर घेताना तुमचं मंगळसूत्र तारेत अडकतं, ते मागे टाका. तारेची गाठ पाळीच्या पुढे-खाली आली पाहिजे, मानेकडे असली तर झोपेत टोचते. तशी असेल तर दुसऱ्याच दिवशी सोनाराकडे घेऊन जा.

दोन-तीन दिवस पाळी लालसर राहील, पिवळट पापुद्रा धरेल, ते चालतं. लाली वाढत वर कानाकडे चढली, पाळी गरम लागली, हिरवट पू आला, ताप आला, किंवा तार मांसात बुडताना दिसली तर डॉक्टर गाठा. तार घरी ओढून काढू नका. भोक बुजतं आणि पू आत कोंडतो.

हे सगळं धडधाकट बाळाचं झालं. घरात कुणाला जखमेच्या वणाची वाढती गाठ होण्याची खोड असेल, बाळाला हृदयाचा दोष असेल, रक्त लवकर थांबत नसेल, अंगावर इसब असेल, तर हा विषय सोनाराचा राहत नाही. आधी डॉक्टर.

राहिलं तुमचं स्वतःचं म्हणणं, तिलाच विचारायचं. ताई, यात धर्म बुडत नाही, विषम वर्षांची वाट शास्त्राने उघडी ठेवलीय. दहा-बारा वर्षांच्या मुली स्वतःच्या हौसेने येतात, आरशात बघून ठिपका त्याच ठरवतात, आणि कान सांभाळतातही सगळ्यांत चांगले. वाढत्या गाठीची भीती मात्र त्या वयात तान्ह्या बाळापेक्षा जास्त असते. तुमचं मन खरंच तिकडे असेल तर ‘लसी होऊ देत’ या आडोशाला उभं राहू नका, हे तीन डोस माघापर्यंत संपतील. सासूबाईंना खरं कारण सांगा. मन तितकं ठाम नसेल, तर माघ-फाल्गुन धरा.

भावाचं मात्र मी वेगळं सांगेन. चार पूर्ण म्हणजे पाचवं चालू, पंचांगात बसतो तो. पण साडेतीन ते सहा हे टोचायला सगळ्यांत अवघड वय. एवढं पोर पहिल्या कानाला फसतं, दुसऱ्याला नाही. माझ्याकडे असाच एक आला होता, उजवा झाला आणि गडी गादीवरून उडी मारून थेट बाजारात. वडील मागे, मी दारात सुई धरून. नारळवाल्याच्या गाड्याखाली सापडला. धरून आणला असता, पण मीच नको म्हटलं. आईने दुसऱ्या कानाची तार कागदाच्या पुडीत बांधून नेली. तुमच्या मुलाला विचारा, नको म्हणाला तर सोडून द्या, मुंजीच्या आधी टोचून घेणारी घरं बरीच आहेत. तो पळालेला गडीही मुंजीच्या महिनाभर आधी आठव्या वर्षी आला, स्वतःच पुडी हातात घेऊन. तोवर उजव्या कानाचं भोकही बुजलेलं होतं, दोन्ही नव्याने टोचावे लागले.